ध चा घ

कडी वाजली. एकदाच, तीही अंग चोरून, वाजवणाऱ्याच्या मनात नसताना वाजल्यासारखी.

दुपारचे तीन वाजले होते. लाइट गेल्यामुळे गल्लीतले सगळे माग बंद होते, आणि मागांच्या गावात माग बंद पडले की जी शांतता होते तिला आमच्याकडे कुणी सरावलेलं नसतं. शरयू वरणभात अर्धा टाकून झोपली होती. मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून ओठांतल्या ओठांत रविवारची तयारी करत होते. रविवारी सकाळी अकरा वाजता मी पहिल्यांदा टीव्हीवर बसणार होते. विनोद करायला नव्हे, चर्चेला. नावाखाली पट्टी येणार होती, 'रसिका गुरव, राजकीय भाष्यकार'. ही पट्टी मी आदल्या दिवसापासून मनातल्या मनात चारशे वेळा वाचली असेल.

दार उघडलं तर नंदाताई कोष्टी. गजूशेठच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या. हातात प्लॅस्टिकची फाइल, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला.

"झोपली वाटतं पोरगी?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "मग मी जाते, नंतर येते."

"या हो आत. उठली तर उठली."

त्या आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या. पाणी दिलं ते हातातच धरलं.

"व्हिडिओ बघितला, वहिनी. आमच्या पोरींनी मोबाइलवर लावला होता. हसून हसून पुरेवाट. ते शेवटचं वाळूचं तर..." आणि त्यांनी मांडीवरची फाइल सरळ केली.

त्यांनी बघितलेला व्हिडिओ तेव्हा सगळ्यांनीच बघितला होता. त्याआधीची तीन वर्षं मी गणेशोत्सवात, महिला मंडळात, कॉलेजच्या गॅदरिंगला एकटी उभी राहून बोलायचे. खरं तर विनोद असा काही सांगायचेच नाही. गावातले फ्लेक्स वाचून दाखवायचे, जसेच्या तसे, बातम्या देणाऱ्या बाईसारखं तोंड करून. 'भावी आमदार' म्हणून पंधरा वर्षं भावीच राहिलेला माणूस, खाली चाळीस शुभेच्छुक, त्यातल्या सहा जणांना काळा चष्मा. लोक वाचताना हसत नाहीत, ऐकताना हसतात, एवढीच माझी विद्या.

मग नानासाहेब शेलवड्यांचा वाढदिवस आला. एसटी स्टँडच्या चौकात तीस फुटी फ्लेक्स लागला. त्यावर 'एकच ध्यास, तालुक्याचा विकास' असं असायला हवं होतं. होतं असं, 'एकच घास, तालुक्याचा विकास'.

त्यावर मी जे केलं त्याला वीस मिनिटं लागली होती, पण व्हिडिओत फिरली ती दोनच. रंगमंचावर पाटावर बसले आणि नानासाहेबांना भरवायला घेतलं. "आ कर रे माझ्या राजा. हा घास बायपासचा. हा घास पाण्याच्या टाकीचा. चावून खा, सिमेंट आहे... नाही नाही, सिमेंट कुठलं, वाळूच आहे की, गिळ! ठसका लागला? पाणी हवंय? पाणी कुठलं बाळा, ते अकरा दिवसांनी येतं." घरी शरयूला रोज जे करत होते तेच होतं ते. पोरगी पहिलीत गेली तरी हाताने जेवायची नाही, तिच्या तोंडामागे घास घेऊन घरभर फिरताना मला हा सूर सापडला होता. आठवड्यात तो सगळ्या महाराष्ट्राने ऐकला, आणि फ्लेक्स उतरला.

"नंदाताई, पाणी प्या."

"परवा मला नानासाहेबांच्या ऑफिसात जायचंय," त्या म्हणाल्या. "रविवारी बारा वाजता. कॅमेरे बोलावलेत."

"कशाला?"

"माफी मागायला. घासाची."

मी हसले. आधी हसू आलं ते खरंच. त्या हसल्या नाहीत.

"मालकांना त्यांच्या ऑफिसातून फोन आला. मालक म्हणाले, ऑपरेटरची चूक. मला म्हणाले, जाऊन हात जोडायचे, म्हणायचं, मी कमी शिकलेली बाई आहे, ध आणि घ मधला फरक मला कळला नाही. नाहीतर सोमवारपासून येऊ नका." त्यांनी पाणी तसंच खाली ठेवलं. "सव्वीस वर्षं टाइप करत्येय मी, वहिनी. आधी छापखान्यात खिळे जुळवले. 'आशीर्वाद'ला पहिली वेलांटी कधी दिली नाही. 'हार्दिक'चा रफार कधी क वर चढवला नाही. गावातल्या मास्तरांच्या पोरांच्या पत्रिका मी सुधारल्यात. आणि मी म्हणायचं, मला ध कळत नाही?"

"अहो पण, चूक माणसाकडून..."

त्यांनी फाइल उघडली आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

वहीचं फाडलेलं पान. एका कोपऱ्यात वरणाचा पिवळा डाग. निळ्या शाईत नानासाहेबांच्या फ्लेक्सचा मजकूर, आणि खालून दुसऱ्या ओळीत, स्वच्छ, ठसठशीत, कुणालाही वाचता येईल असं 'एकच घास'. ध चा घ झालाय म्हणावं, तर मधला य सुद्धा नव्हता.

अक्षर माझं होतं.

इथे मला एक सांगायला हवं, जे तेव्हा गजूशेठ, नंदाताई आणि माझा नवरा संदेश सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. गजूशेठच्या दुकानातून जे फ्लेक्स निघायचे त्यांचा मजकूर मी लिहायचे. शरयू दीड वर्षाची असल्यापासून. ती झोपली की, नाहीतर तिला भरवता भरवता. सगळ्या पक्षांचा. 'विकासाचा महामेरू' आणि त्याचा कट्टर वैरी 'गोरगरिबांचा कैवारी' हे दोघेही माझ्याच ओट्यावर जन्मले. रात्री मी ज्यांची टर उडवायचे, त्यांच्या आरत्या सकाळी मीच रचलेल्या असायच्या. चौकातला 'घास' बघून मी पोट धरून हसले होते ते, 'काय हे नंदाताई!' असं मनात म्हणत.

"हे तुम्ही कुणाला दाखवलंत?"

"कुणाला नाही. मालक म्हणाले, वहिनींचं नाव घ्यायचं नाही, वहिनी टीव्हीवर चालल्यात. ते खरंच आहे." त्या उठल्या. "मी भांडायला नाही आले. आमच्या दुकानाचा नियम तुम्हाला माहितीये, मजकूर आला तसा लावायचा, त्यात हात घालायचा नाही. मी तो लावताना थांबले होते. मग म्हटलं, तुम्ही लिहिलंय म्हणजे त्यात काहीतरी असेल. प्रूफ त्यांच्या कार्यकर्त्याला पाठवलं, त्याने अंगठा पाठवला. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. मी चुकीचं टाइप केलं का?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही बरोबर टाइप केलंत."

"झालं तर मग," त्या म्हणाल्या. कागद त्यांनी नेला नाही. दाराशी चपला घालताना एवढंच म्हणाल्या, "रविवारी ती निळी साडी नेसा. टीव्हीवर निळा रंग खुलतो."

संध्याकाळी संदेश डेअरीतून आला. मी कागद त्याच्यापुढे धरला. त्याने वाचला, परत वाचला आणि शिट्टी घातली.

"आता?"

"आता काय. सांगायचं."

"कुणाला?"

"रविवारी. टीव्हीवर."

"डोकं फिरलंय का तुझं? राजकीय भाष्यकार म्हणून बोलावलंय तुला, आणि तू सांगणार, मीच यांची भाट होते? परत बोलावतील का?" तो खाली बसला. "नंदाताईंना मी दुसरीकडे बघतो काम. आमच्याच ऑफिसात. एक माफीच तर आहे, रसिका. दोन मिनिटांचं काम."

"मग मी तुझ्या ऑफिसात जाऊन सांगते, तुझ्या हातून दूध नासलं म्हणून. दोन मिनिटांचं काम."

"माझ्या हातून कधी नासलेलं नाही."

"तेच ती म्हणत्येय."

त्याने कागदाची घडी घातली आणि माझ्या पर्समध्ये ठेवली. मग म्हणाला, "मला रविवारी ड्यूटी आहे. शरयूला तूच घेऊन जा." आमच्या घरात परवानगी देण्याची ही पद्धत आहे.

कोल्हापूरच्या त्या स्टुडिओत मेकअपची खोली म्हणजे एक आरसा आणि दोन खुर्च्या. शरयूला एका खुर्चीत बसवलं, डबा तिच्या मांडीवर दिला. भिंतीवर छोटा टीव्ही होता, त्यावर आतलं सगळं दिसायचं. "इथून हलायचं नाही. आई त्या टीव्हीत दिसेल. हात हलव, मी हलवणार नाही, पण मला कळेल."

"तू रागावलीस तर?"

"नाही रागावणार."

"तिथे एक काका आहेत, ते रागावलेत," टीव्हीकडे बघत ती म्हणाली.

ते काका म्हणजे ॲडव्होकेट पराग मुळीक, नानासाहेबांचे प्रवक्ते. आम्ही समोरासमोर बसलो, मध्ये हृषीकेश नावाचा तरतरीत निवेदक. पहिली वीस-पंचवीस मिनिटं झकास गेली. मला बोलायची भीती कधी वाटली नाही, तशी त्या दिवशीही वाटली नाही. शब्द कुठे ठेवला की कुठे वाजतो, हे मला माहीत असतं. मुळीक आकडे सांगत होते, मी त्यांच्याच आकड्यांचा उच्चार जरा सावकाश करून दाखवत होते, कॅमेऱ्यामागची पोरं हसू दाबत होती.

मग मुळीकांनी पवित्रा बदलला.

"हृषीकेशजी, या ताईंची सगळी कीर्ती एका टायपिंगच्या चुकीवर उभी आहे. एक अर्धशिक्षित बाई, तिला ध आणि घ कळत नाही. त्या बिचारीच्या अज्ञानावर यांनी टाळ्या घेतल्या. हा कुठला विनोद? गरिबाची चेष्टा आहे ही! आमचे नानासाहेब मोठ्या मनाचे. आज बारा वाजता ती बाई स्वतः येऊन माफी मागणार आहे, आणि नानासाहेब तिला माफ करणार आहेत. साडी देऊन."

घड्याळात साडेअकरा झाले होते.

"थांबा," मी म्हणाले. पर्समधून कागद काढला आणि उलगडला. "ती बाई येणार नाही. तिने यायचं कारण नाही. तिचं नाव नंदा कोष्टी, आणि तुमच्या पक्षाच्या सगळ्या फ्लेक्सवर जे काही शुद्ध मराठी असतं, ते तिच्यामुळे. चूक तिची नाही. हा मूळ कागद. अक्षर माझं आहे."

हृषीकेश पुढे झुकला. "म्हणजे? नानासाहेबांचे फ्लेक्स तुम्ही लिहीत होता?"

"साडेचार वर्षं. 'कार्यसम्राट' त्यांना मी केलं. एका मंगळवारी. त्याआधी ते नुसते 'कार्यक्षम' होते."

कॅमेऱ्यामागून कुणीतरी फिस्कन हसलं. मुळीकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आनंद दिसला.

"बघा! बघा महाराष्ट्र! हीच ती निर्भीड बाई! आमचीच भाकरी भाजून, आमच्यावरच उलटली. इतिहासात ध चा मा झाला होता, या बाईने ध चा घ केला. हा कट आहे!"

"कटाला निवांतपणा लागतो, वकीलसाहेब. मी हे लिहिलं तेव्हा एका हाताने पोरीला भरवत होते. ही बघा, वरणाची साक्ष." मी कागदाचा पिवळा कोपरा कॅमेऱ्याला दाखवला. "चूक झाली. माझी झाली. हसवायचं काम करते आणि स्तुती लिहायचंही करत होते, तेही माझंच. दोन्ही कबूल. ज्यांना माझ्यावर हसायचं त्यांनी खुशाल हसावं, मी शिकवीन कुठे हसायचं ते. पण मला एक सांगा. हा फ्लेक्स तीस फुटी होता. चौकात सतरा दिवस होता. त्यावर तेवीस फोटो होते. तुमचाही आहे, उजवीकडून तिसरा, मोबाइल कानाला लावलेला. तुम्ही त्याच्याखाली उभं राहून सेल्फी घेतलात, तो तुमच्या पानावर अजून आहे. मी एका क्षणात चुकीचं लिहिलं. तुम्हा तेवीस जणांना ते सतरा दिवस बरोबर कसं वाटलं?"

मुळीक हात झटकत म्हणाले, "आम्ही फोटो बघतो, मजकूर कोण वाचतं!"

हे त्यांच्या तोंडून निघालं आणि हृषीकेशने डोकं टेबलावर टेकलं. त्याला आवाज काढता येईना. कॅमेरा हलला, इतका की घरी बघणाऱ्यांना भूकंप झाल्यासारखं वाटलं, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं. मी एकटी हसले नाही. वाचणाऱ्याने हसायचं नसतं.

मधल्या विश्रांतीत फोन वाजला. नंदाताई.

"कुठे आहात?" मी विचारलं.

"घरात. निघाले होते, मालकांनी दुकानातनं पळत येऊन रिक्षातनं उतरवलं. म्हणाले, उद्या दहाला या, नेहमीसारखं." त्यांचा श्वास लागला होता. "वहिनी, टीव्हीवर सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंत."

"घ्यायलाच हवं होतं."

"हो, ते झालंच. पण तो कागद दाखवलात ना मोठा करून, पोरींनी मला मोबाइलवर थांबवून दाखवला, त्यात तुम्ही 'उज्ज्वल' लिहिताना एकच ज लिहिलाय. मी टाइप करताना दुरुस्त करत असते दरवेळी, तेवढा एक नियम मोडते. आता सगळ्यांनी बघितलं असेल." आणि मग त्या फोनवर रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायला.

त्या वाहिनीने मला परत बोलावलं नाही. संपादकांनी निरोप पाठवला, 'विश्वासार्हतेचा प्रश्न आहे.' गजूशेठचं लिहिणं अर्थातच त्याच दिवशी सुटलं. पण पुढच्या महिन्यात साताऱ्याच्या प्रयोगाला लोक दाराबाहेर उभे होते, आणि मी सुरुवातच अशी केली, 'नमस्कार, मी कार्यसम्राटांची आई.' पुढे दुसरी वाहिनी आली, दर आठवड्याचं सदर आलं, मुंबई आली, नावाखालची पट्टीही आली. आता सात वर्षं झाली. मला लोक विचारतात, करिअर कुठे सुरू झालं, आणि त्यांना पाटावरच्या घासाचं उत्तर हवं असतं. मी ते देते. पण माझ्या लेखी ते त्या खुर्चीत सुरू झालं, चूक माझी म्हणाले तेव्हा. त्यानंतर मला कुणाला भ्यावं लागलं नाही, कारण माझ्याविषयी कुणाकडे असेल-नसेल ते मीच सांगून टाकलं होतं.

निदान कार्यक्रम संपून मेकअपच्या खोलीकडे जाताना मला असंच वाटत होतं. पाय जमिनीवर नव्हते.

शरयू खुर्चीत उभी होती. डबा रिकामा. पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने जेवली होती, हनुवटीपर्यंत.

"मी हात हलवला, तू बघितलास?"

"बघितला तर!"

"तो कागद दे ना. मला वाचायचाय. त्या काकांना नाही आला वाचता."

तिला तेव्हा नुकतंच वाचता यायला लागलं होतं, दिसेल ते वाचत सुटायची, साबणाचे कागदसुद्धा. मी कागद दिला आणि तिची हनुवटी पुसायला घेतली. ती बोट ठेवून वाचू लागली, जोडाक्षर आलं की थांबून, दम घेऊन, चढ चढल्यासारखी.

"ज-न-से-वे-चा... ध्... ध्या... ध्यास! घे-त-ले-ले, आ-प-ले..." तिने मान वर केली. "आई, हे जोडाक्षर आहे. मला आलं."

"शाब्बास."

"हे तू छान काढलंयस. ध ची गाठ पण बरोबर. आमच्या बाई म्हणतात, गाठ मारायला विसरलं की ध चा घ होतो." बोट सरकत सरकत खाली आलं. "ए-क-च... घ ला काना घा... घास."

माझा हात तिच्या हनुवटीवरच राहिला. दोन दिवस तो कागद माझ्यापाशी होता. मी किती वेळा उलगडला असेल, किती जणांना दाखवला. पण डोळे सरळ त्या एकाच शब्दावर जायचे. वरची ओळ मी वाचलीच नव्हती. एकाच कागदावर, एकाच शाईत, चार बोटं वर, गाठीसकट, य सकट, सुबक 'ध्यास'.

हे लिहिलं ती सकाळ मला आठवते. नळाला पाणी नव्हतं, अकरावा दिवस. हंडे ओळीने रिकामे. शरयू तोंड मिटून बसली होती, वरण माझ्या बोटांना वाळत होतं. वरच्या ओळीपर्यंत आठवते. खालची ओळ लिहिताना मी कुठे बघत होते, हसले होते का, काही म्हटलं होतं का, ते काही केल्या आठवत नाही. तेव्हाही आठवलं नाही.

शरयूने कागद माझ्या तोंडाजवळ धरला, दोन्ही शब्दांवर एकेक बोट ठेवून.

"आई, तुला तर ध्यास लिहिता येतो. मग तू घास चुकून लिहिलास, की मुद्दाम?"